मित्रमंडळी, एक गाडी आणि इंग्लंडातली गावं : तुमचे किस्से लिहा

लोकहो, लंडनबद्दल सगळेच लिहितात. मला हवेत ते गाडी काढून, चार टाळकी जमवून इंग्लंडच्या खेड्यापाड्यात भटकल्याचे किस्से. कुठे गेलात, कुठे चुकलात, गाडीत कोणाचं कोणाशी वाजलं, सगळं चालेल. सुरुवात मीच करते.

आम्ही पाचजण, दोन जोडपी आणि एक सडाफटिंग मित्र, रेडिंगहून कॉट्सवोल्ड्सला निघालो. निघायचं ठरलं सातला, निघालो सव्वानऊला (कोणामुळे ते लिहीत नाही, तो हे वाचतोय). बोर्टन-ऑन-द-वॉटरला पोचलो तर पार्किंगसाठी पाऊण तास नुसत्या प्रदक्षिणा. गाव देखणं आहे, विंडरश नदी म्हणजे आपल्याकडचा ओढाच, त्यावर बुटके दगडी पूल, पण गर्दी गणपतीतल्या लक्ष्मी रोडची. तिथे १९३७ सालचं मॉडेल व्हिलेज आहे, अख्खं गाव नवव्या हिश्शाएवढं करून दगडात बांधलंय, आणि त्या छोट्या गावात परत एक छोटं मॉडेल व्हिलेज, त्यात आणखी छोटं. आमचा मित्र त्याच्यावर ओणवा होऊन म्हणतो, यात पार्किंग रिकामं दिसतंय बघ.

तिथून बायबरी. आर्लिंग्टन रो म्हणजे ती उतरत्या छपरांची मधाळ रंगाची घरांची ओळ, मुळात चौदाव्या शतकातलं लोकरीचं कोठार, मग सतराव्या शतकात विणकरांची घरं झाली. आम्ही फोटो काढत असताना एका घरातून बाई कचऱ्याचा डबा घेऊन बाहेर आल्या आणि आम्ही सगळे ओशाळलो, कारण तोवर ते कुणाचं तरी राहतं घर आहे हे डोक्यातच नव्हतं.

*

मस्त विषय! आमचं डेव्हन. चार मित्र, सगळे चाळिशीचे, बायकापोरं घरी. गाडी चालवणारा आमच्यातला सगळ्यात तयारीचा, वरंधा घाट रात्री पावसात उतरवलेला माणूस. तर डेव्हनच्या आतल्या रस्त्यांवर दोन्ही बाजूंना डोक्यापेक्षा उंच बांध आणि त्यावर झुडपं, मध्ये जेमतेम एका गाडीची जागा, आणि पाटी काय तर पांढऱ्या गोलावर काळी तिरकी रेघ, म्हणजे कायद्याने साठ मैलापर्यंत जायला मोकळीक! आम्ही पंधराने चाललो होतो.

समोरून एक छोटी गाडी आली, थांबली, तिने दिवे मारले. आपल्याकडे दिवे मारले म्हणजे "मी येतोय, बाजूला हो". म्हणून हा थांबला आणि त्यानेही दिवे मारले. तिने परत मारले. याने परत मारले. असं चाललंय, कोणीच हलेना. शेवटी मागे बसलेल्याच्या डोक्यात प्रकाश पडला की अरे इथे दिवे मारणं म्हणजे "या, तुम्ही आधी या". तोवर त्या आजी (सत्तरी सहज पार) सरळ रिव्हर्स घेऊन वळणापर्यंत मागे गेल्या, आरशात बघत, एका हाताने, आणि आम्ही पास होताना वर हसून हातही केला. वरंधावाला नंतर तासभर गप्प होता.

क्लोव्हेलीला मात्र जाच. गाडी वरच ठेवायची, खाली उतरता गोट्यांचा रस्ता थेट समुद्रापर्यंत, गावात गाडी जातच नाही. लोक किराणासुद्धा लाकडी घसरगाडीवरून ओढत नेतात, पूर्वी हे काम गाढवं करायची. जाताना मजा वाटते, येताना गुडघे बोलतात. वर आल्यावर स्कोन (छोटा गोडसर पाव) खा. डेव्हनमध्ये आधी क्रीम मग जॅम, कॉर्नवॉलमध्ये उलट, आणि यावर ते लोक आपल्या साबुदाणा खिचडीत बटाटा हवा की नको इतक्या तावातावाने भांडतात.

*

आम्ही भाड्याच्या डिझेल गाडीत पेट्रोल भरलं. तिथे पेट्रोलचा पाइप हिरवा, डिझेलचा काळा. चौघांपैकी तिघे दुकानात चॉकलेटं बघत होते. गाडी सुरू करायच्या आधी लक्षात आलं म्हणून इंजिन वाचलं, खिसा नाही वाचला. बाकी ट्रिप छान झाली.

*

वरचं वाचून धीर आला, आता आमचंही लिहितो. होली आयलंड, म्हणजे लिंडिसफार्न, पार उत्तरेला नॉर्थंबरलंडमध्ये. ७९३ साली व्हायकिंगांनी लुटलेला मठ तो हाच. बेटावर जायला रस्ता आहे पण भरतीला तो पाण्याखाली जातो, त्यामुळे ये-जा करायच्या सुरक्षित वेळा बघूनच निघायचं. आम्ही बघितल्या होत्या हो! फक्त आमच्या मॅडमनी भलत्याच दिवशीच्या बघितल्या होत्या. पोचलो तर डांबरी रस्ता सरळ पाण्यात शिरलेला, आणि लांब मध्येच खांबांवर उभी एक पांढरी खोली, अडकलेल्यांनी जिना चढून वर जीव वाचवायला. पाच तास गाडीत बसून भडंग खाल्लं, पत्ते खेळलो. मग पाणी हळूहळू मागे सरलं, रस्ता वितभर वितभर वर आला, ते बघताना मात्र पत्ते कोणाच्याच हातात नव्हते. बेट छान आहे, पण आमच्यात आठवण निघते ती त्या पाच तासांचीच.

*

कॉट्सवोल्ड्सला जाणाऱ्या इतिहासवेड्यांसाठी. मोर्टन-इन-मार्शजवळ सेझिनकोट नावाचा वाडा आहे, इंग्लंडच्या हिरवळीत अचानक हिरवट तांब्याचा मोगली घुमट. ईस्ट इंडिया कंपनीतल्या चार्ल्स कॉकरेलसाठी त्याच्या आर्किटेक्ट भावाने बांधलेला. (उघडा आहे का ते आधी बघून जा.) पण मी थांबलो ते तिथून जवळच्या डेल्सफर्डला. लोक तिथे महागड्या फार्म शॉपसाठी जातात, आमच्या गँगमधले तिघेही चीज चाखायला गेले, मी एकटाच चर्चकडे. आवारात एक साधं कलशाचं स्मारक, त्यावर नाव वॉरन हेस्टिंग्ज, साल १८१८. अहो, हाच तो कंपनीचा गव्हर्नर जनरल! १७७९ साली आपल्या लोकांनी इंग्रजांना वडगावला गुडघे टेकायला लावले आणि याने कलकत्त्यात बसून तो तह मानायलाच नकार दिला, मग १७८२ ला महादजींमार्फत सालबाईचा तह. शाळेत सालं पाठ करताना मार खाल्लाय या माणसापायी. गंमत म्हणजे हे डेल्सफर्ड त्याच्या घराण्याचं, हातचं गेलेलं, ते परत विकत घ्यायचं हे त्याचं लहानपणापासूनचं स्वप्न. मी काय करणार, दोन मिनिटं उभा राहिलो, शिव्या घालायच्या ठरवून आलो होतो त्या काही घातल्या नाहीत. परत आलो तर हे लोक मला चीजचा तुकडा देत म्हणाले, झाला का तह?

*

शाकाहारींसाठी एकच सल्ला, खेड्यातल्या पबचं किचन दुपारी दोन-अडीचला बंद होतं, "बसू जरा वेळाने" केलंत की चिप्सवर दिवस काढा. आम्ही जॅकेट पोटॅटोवर (सालासकट भाजलेला बटाटा) घरून नेलेलं मेतकूट भुरभुरवलं, वर बटर. शेजारच्या टेबलावरच्या काकांनी चिमूटभर मागून घेतलं आणि विचारलं, हे मिळतं कुठे. काय सांगणार, सासूबाईंकडे?

*

माझं ठिकाण कोणाच्याच यादीत नसतं. स्टोक रो, ऑक्सफर्डशरमधलं एवढंसं गाव. भर गावात रंगीत घुमट, त्याच्याखाली विहीर, पाणी ओढायच्या यंत्रावर हत्तीचा पुतळा. काशीच्या महाराजांनी दिलेली! तिकडे अधिकारी असलेला एडवर्ड रीड याच भागातला, त्याने कधीतरी महाराजांना सांगितलं होतं की आमच्याकडे पाण्याचे इतके हाल की शेवटचं पाणी प्यायलं म्हणून एका पोराला मारताना मी पाहिलंय. महाराजांनी ते लक्षात ठेवलं आणि १८६४ मध्ये विहीर झाली. ३६८ फूट खोल, सगळी हाताने खणलेली. कुतुबमिनार आत उभा केला तरी वर शंभराहून जास्त फूट उरतील.

आमच्यासोबत माण तालुक्यातला मित्र होता. बाकी आम्ही सेल्फी काढतोय आणि हा खालची माती कसली, किती फुटावर पाणी लागलं, हेच विचारतोय, म्हणे आमच्या घरची तिसरी बोअर साडेतीनशेला कोरडी गेली. मग तोच परत एकटा जाऊन कठड्याला हात लावून आला.

*

धागाकर्ती बोलतेय. रेडिंगला सात वर्षं राहते आणि स्टोक रो अर्ध्या तासावर आहे हे आज कळतंय, कमाल आहे माझी! शनिवारी निघतोय. सातला ठरवलंय, म्हणजे ज्याला यायचंय त्याने नऊपर्यंत आलं तरी चालेल. मेतकूट मात्र कोणीतरी आणा.