घरचं बियाणं, घरचं खत, छपराचं पाणी: ही कामं परत शिकायची का?

येळ्ळूरकर
मिरग तोंडावर आलाय म्हणून विषय काढतोय. इंद्रायणी भात पिकवणारा आमचा शेतकरी दरवर्षी इंद्रायणीचंच बियाणं पिशवीतनं विकत आणतोय. ही सुधारित जात आहे, संकरित नव्हे. चांगल्या वाफ्यातलं, भेसळ नसलेलं भात वेगळं मळून ठेवलं तर पुढच्या वर्षी तेच उगवतं. तीन-चार वर्षांनी बियाणं बदललं की झालं.

पारख करायला काही लागत नाही. १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचे, आठवड्यानं ८० किंवा जास्त दाण्यांना मोड आले तर पेरायला चांगलं. पेरणीआधी १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात भात ओतायचं, हातानं ढवळायचं. पळंज, म्हणजे पोकळ दाणे, वर तरंगतं, ते काढून टाकायचं. तळाला बसलेलं दोनदा साध्या पाण्यानं धुऊन सावलीत वाळवायचं.

बियाणं राखणं, खत करणं, छपराचं पाणी धरणं, वाळवण घालणं ही कामं पोरांना आलीच पाहिजेत, पुण्या-बंगळूरला नोकरी करणाऱ्यांनासुद्धा. सगळं विकत आणून चालणारं घर फार दिवस टिकत नाही, असं माझं ठाम मत आहे.

कडोलीची सून
ही कामं करणार कोण ते आधी सांगा. तुमच्या एवढ्या लिहिण्यात बाई कुठंच नाही. शेण काढायचं, बुट्टी डोक्यावर घेऊन उकिरड्यापर्यंत जायचं, चूल फुंकायची, उन्हात सांडग्यांवरचे कावळे हाकत बसायचं, हे माझ्या सासूनं जन्मभर केलं. गॅस आला तेव्हा कुठं तिचा खोकला हटला. आम्ही भल्या पहाटे भाजी काढून बेळगावच्या बाजाराला पाठवतो, मग शेत, मग पोरांची शाळा. त्यात आता पापड-कुरडया घालून पर्यावरणही आम्हीच राखायचं? शिकवायचंच असेल तर आधी मुलग्यांना शिकवा, आणि निम्मं काम त्यांच्याकडं द्या.

निपाणीचा शेतकरी
अक्कांशी सहमत, पण माझी हरकत वेगळी आहे. घरात लोणचं घातलं म्हणून सोसायटीचं कर्ज फिटत नाही. आमच्याकडं ऊस आणि तंबाखू. दर दुसरा ठरवतो, बिल कधी मिळणार तेही दुसराच ठरवतो. अशा वेळी शेतकऱ्याला ‘तू स्वावलंबी हो’ म्हणणं म्हणजे सगळं ओझं परत त्याच्याच पाठीवर.

गोबरगॅसचंच बघा. २ घनमीटरच्या प्लँटला रोज ५० किलोच्या आसपास शेण लागतं. एका जनावराचं १० किलो धरलं तर दावणीला पाच जनावरं पाहिजेत. ज्याच्याकडं एकच म्हैस आहे त्याला तुम्ही काय सांगणार?

टिळकवाडीत भाड्यानं
आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. परडं नाही, छप्परही मालकाचं. आमच्यासाठी यात काही आहे का, मनापासून विचारतेय.

खानापूरवाली
निपाणीकर, शेणाचा हिशेब मांडलात, मी पाण्याचा मांडते. १ चौरस मीटर छपरावर १ मिलिमीटर पाऊस पडला की १ लिटर पाणी होतं. बेळगावात वर्षाला १२०० मिलिमीटर धरा आणि घर १०० चौरस मीटरचं. १,२०,००० लिटर झाले. पहिल्या पावसाचं सोडलेलं आणि वाया गेलेलं वजा करून ८० टक्के धरलं तरी ९६,०००. एवढी टाकी कुणाला परवडत नाही, बरोबर. म्हणून मोठे दगड, खडी, वाळू असे थर घातलेल्या खड्ड्यातनं ते विहिरीजवळ जिरवायचं. पन्हळ आणि पाइप सोडले तर याला फार खर्च येत नाही.

मलप्रभा आमच्या कणकुंबीत उगम पावते, तिकडं पाऊस तर याच्या दुपटीच्या वर. तरी आमच्याच तालुक्यात एप्रिल-मेला बायका घागरी घेऊन रांगेत उभ्या असतात. याचा मला खरंच राग येतो.

अक्का, चूल मलाही नको. पण कुठलं बियाणं ठेवायचं, कशात ठेवायचं, राख किती आणि कडुलिंबाचा पाला किती, हे बायकांच्या हातात होतं. ते आता दुकानदार ठरवतो. हे गेलेलं मला परत पाहिजे.

कडोलीची सून
ताई, बियाणं सासू निवडायची, भात किती विकायचं ते सासरे ठरवायचे. उताऱ्यावर जिचं नाव नाही तिच्या हातात नक्की काय होतं? पाण्याचं मात्र पटलं, कारण घागर माझ्याच डोक्यावर असते.

येळ्ळूरकर
मिठाचं पाणी आणि गोणपाट ही कामं पुरुषानंच करावीत, यात माझं दुमत नाही. खड्डा तर आम्हीच खणणार.

टिळकवाडीच्या ताई, भोकं पाडलेली झाकणाची बादली घ्या. ओल्या कचऱ्याच्या थरावर वाळलेल्या पाल्याचा थर द्या. वास सुटला तर ओल जास्त झाली, पाला वाढवा. दोन-तीन महिन्यांत कुंड्यांपुरतं खत होतं.

निपाणीकर, दरासाठी भांडू नका असं मी म्हणतच नाही. पण दर वाढेपर्यंत खर्च तरी आपल्या हातात ठेवायला नको का?

निपाणीचा शेतकरी
खर्च कमी झाला की दर पाडायला त्यांना आणखी एक कारण मिळतं, हे माझं मत कायम आहे. पण बियाण्याबद्दल वाद नाही, आम्हीही बरेच जण सोयाबीन घरचंच पेरतो. त्याचं साल पातळ असतं. पोतं आपटलं की उगवण गेलीच समजा, आणि थप्पीही उंच लावू नका. येळ्ळूरकर, ती मिठाची रीत भाताची आहे, सोयाबीनची नव्हे, असं वर ठळक लिहा. नाहीतर कुणीतरी सोयाबीन भिजत घालेल.