साध्या सर्दीला पहिल्याच दिवशी डॉक्टर? मला नाही पटत

पाऊलवाट: काल इथे कुणीतरी लिहिलं की साधी सर्दी असली तरी पहिल्याच दिवशी डॉक्टर गाठा, अंगावर काढणं म्हणजे निव्वळ बेजबाबदारपणा. वाचून डोकंच फिरलं, म्हणून वेगळा धागा काढतोय. अहो सर्दी व्हायरसने होते, आठ-दहा दिवसांत आपली आपण जाते, खोकला तर तीन-तीन आठवडे रेंगाळतो, आणि अँटिबायोटिकचा त्यावर काडीचा उपयोग नाही. तरी लोक जातात, रांगेत दोन तास शिंकत बसतात, आणि डॉक्टरने नुसतं "आराम करा" सांगितलं की त्यालाच नावं ठेवतात. झोप, पाणी, ताप वाटला तर पॅरासिटामॉल, एवढं तरी आपलं आपल्याला जमायला नको का?

अर्धविराम: लिहायला सोपंय. माझे वडील "अ‍ॅसिडिटी आहे, होईल कमी" म्हणत रात्रभर बसून राहिले, घाम फुटलेला, डावा हात दुखतोय, तरी अँटासिडच घेतायत. सकाळी नेलं तेव्हा अटॅक येऊन गेलेला. वाचले, पण आता दोन जिने चढले की धाप लागते. किरकोळ काय नि गंभीर काय, हे घरात बसून ठरवणार कोण? तुम्ही?

पाऊलवाट: वाचून वाईट वाटलं. पण मी सर्दीबद्दल बोलतोय, छातीतलं दुखणं मी किरकोळमध्ये धरलेलंच नाही.

अर्धविराम: त्यांनीही नव्हतं धरलं. त्यांनी अ‍ॅसिडिटी धरली होती. तोच तर मुद्दा आहे!

कोरा_कागद: आणि ऑफिसवाल्यांचं काय? एक दिवस ताप आला तरी सर्टिफिकेट आणा म्हणतात. मला पडून राहायचं असतं, पण त्या कागदासाठी उठून जावं लागतं. आधी हे बंद करा, मग सेल्फ केअर शिकवा.

निळी_शाई: सर्दीचा विषय निघालाच आहे तर नाकात घालायच्या थेंबांबद्दल कुणी का बोलत नाही? ते झायलोमेटाझोलिनवाले. मी दीड वर्ष रोज घातले, बाटली उशाशी नसली तर झोप यायची नाही. शेवटी कानानाकघशाच्या डॉक्टरांनी सांगितलं की आता सर्दी नाहीच, थेंबांमुळेच नाक चोंदतंय. घरच्या घरी उपचार, घ्या!

रोखठोक: सलग काही दिवसांच्या वर वापरू नका असं बाटलीवर लिहिलेलं असतं. वाचायचं नाही आणि मग दोष औषधाला.

निळी_शाई: मुंगीच्या पायाएवढं अक्षर असतं ते! आणि नाक बंद असताना रात्री तीनला कोण वाचत बसतं? स्वतःवर आली की कळेल.

रोखठोक: आलीये माझ्यावर, म्हणूनच बोलतोय. डोकेदुखीला जवळजवळ रोज गोळी घ्यायचो. काही महिने सलग, महिन्यातले पंधरा दिवस पेनकिलर घेतली की गोळीमुळेच डोकं दुखायला लागू शकतं, हे मला पस्तिशीत कळलं. बंद केल्यावर पहिले दहा दिवस नुसता नरक. तेव्हापासून प्रत्येक पाकीट वाचतो. सर्दीच्या गोळीत बहुतेकदा पॅरासिटामॉल असतंच, लोक वरून वेगळी घेतात. धडधाकट मोठ्या माणसालासुद्धा दिवसाला 4 ग्रॅमची मर्यादा आहे, त्यापुढे लिव्हर जाऊ शकतं.

पाऊलवाट: धागा थेंबांवर गेला, पण असो. अर्धविराम, तुमचं मानतो, मनापासून नाही म्हटलं तरी मानतो. "किरकोळ" हा शब्द मी फार सैल वापरला. धाप, छातीत दाब, ताठलेली मान, भ्रम, रक्त, तीन दिवसांवर हटत नसलेला ताप, यातलं काहीही दिसलं तर घरी थांबायचं नाही. पण साध्या सर्दीला पहिल्या दिवशी जा, हे अजूनही नाही पटत.

अर्धविराम: ही यादी पहिल्याच पोस्टमध्ये हवी होती. माझ्या वडिलांना कुणी सांगितली असती तर.

कोरा_कागद: निळी_शाई, थेंब सुटले कसे? मला थेंब घालायला लागून आठवा महिना चालू आहे.

निळी_शाई: डॉक्टरांच्या सल्ल्याने आधी एकाच नाकपुडीत बंद केले. ती मोकळी व्हायला दोन आठवडे गेले, मग दुसरी. झोपेचं खोबरं झालं, पण सुटले. तुम्ही आधी दाखवून या.