विषय : मुंबई–न्यूयॉर्क थेट विमान, नेमके किती तास?

सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार.

आई-बाबा जुलैमध्ये प्रथमच येत आहेत. तिकिटाप्रमाणे विमान मुंबईहून मध्यरात्रीनंतर २ वाजता सुटून त्याच सकाळी ८ वाजता न्यूयॉर्कला उतरते, तर परतीचे विमान दुपारी १२ वाजता निघून दुसऱ्या दिवशी सकाळी साडेअकराला मुंबईत पोहोचते. अमेरिकेला जायला सहा तास आणि परतायला साडेतेवीस, हे बाबांना मुळीच पटत नसून ते परतीचे तिकीट बदलून मागत आहेत. शिवाय विमान आइसलँडच्या बाजूने कशाला जाते, असेही त्यांनी विचारले आहे.

प्रत्युत्तर १

नमस्कार ताई,

तिकीट बदलू नये. छापलेल्या वेळा त्या त्या गावच्या घड्याळाच्या असतात आणि उन्हाळ्यात न्यूयॉर्क भारताच्या साडेनऊ तास मागे असते. तेव्हा येतानाचे खरे तास साडेपंधरा आणि जातानाचे चौदा. बाबांना ताळा करून पाहायचा असेल, तर ६ आणि २३.५ यांची बेरीज २९.५ येते, तीच १५.५ आणि १४ यांचीही. घड्याळांतील फरक एकदा वजा आणि एकदा अधिक होऊन उडून जातो. उरलेला दीड तासाचा फरक वाऱ्याचा आहे: उंचावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरदार वारे परतीच्या विमानाला पाठीमागून ढकलतात आणि येणाऱ्या विमानाला अडवतात.

मार्गाचे म्हणाल, तर सपाट नकाशावर पट्टी ठेवल्यास रेघ सौदी अरेबिया आणि अल्जीरियावरून जाते. पण पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून धरला की तो कंदाहार, तुर्कमेनिस्तान, सेंट पीटर्सबर्गचा परिसर, नॉर्वे आणि आइसलँड असा जातो. तोच सर्वांत जवळचा मार्ग, सुमारे १२,५०० कि.मी. प्रत्यक्षात त्यावरून कोणाला जाता येईल, हे राजकारण ठरवते. २०२२ पासून रशियाचे आकाश अमेरिकी कंपन्यांना बंद आहे आणि एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपली हद्द बंद केली. त्यामुळे एकाच दोन शहरांमध्ये कंपनीगणिक वळसा निराळा आणि वेळही निराळी. संकेतस्थळे बहुधा अंतराला विमानाच्या वेगाने भागून तास सांगतात. त्या आकड्यात ना वारा धरलेला असतो, ना वळसा. कंपनीचे वेळापत्रकच प्रमाण मानावे.

प्रत्युत्तर २

वरील हिशेबाला एक पुरवणी. परतीचा प्रवास नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारनंतरचा असेल, तर येथील घड्याळे एक तास मागे गेलेली असतील, भारतातील मात्र तशीच. फरक साडेदहा तासांचा होईल आणि तेच विमान मुंबईत साडेबाराला उतरेल. घ्यायला येणाऱ्यांना ही वेळ कळवावी. बाबांच्या गोळ्या ठरावीक तासांनी घ्यायच्या असतील, तर विमानात कोणत्या घड्याळाप्रमाणे घ्यायच्या, हे निघण्यापूर्वी त्यांच्या डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून घ्यावे आणि गोळ्या हातातील पिशवीतच ठेवाव्यात.