शेजारची घरघंटी लागली की आमचा दिवा उजळतो: न्यूट्रलचा दोष आहे हे कसं पटवून द्यावं?

नमस्कार मंडळी,

वीज वितरणात काम केलेल्या कुणाचा तरी सल्ला तातडीने हवाय. आमच्या वस्तीला ६३ केव्हीएची डीपी (ट्रान्सफॉर्मर) आहे. संध्याकाळ झाली की व्होल्टेज नाचायला लागतं. सगळीकडे एकदमच डीम झालं असतं तर लांबची लाइन, वाढलेला लोड असं म्हणून सोडून दिलं असतं. पण समोरच्या काकूंनी घरघंटी लावली की त्यांचा दिवा मंदावतो आणि आमचा डोळे दिपतील इतका उजळतो. दोन घरांतले टीव्ही-फ्रिज जळाले.

चुलतभावाकडे थ्री फेज मीटर आहे. तिथे रात्री आठच्या सुमारास मल्टीमीटर लावला. न्यूट्रलशी (करंट परत नेणारी सामाईक तार) तिन्ही फेजचं व्होल्टेज असं: आर २८०, वाय १७७, बी २५६. फेज टू फेज मात्र तिन्हीकडे ४०५ च्या आसपास! म्हणजे वरून येणारा पुरवठा धड आहे, न्यूट्रल जागा सोडतोय, म्हणजे शून्य व्होल्टेजवर टिकत नाही. ज्या फेजवर लोड जास्त ती उतरते, हलकी फेज चढते. १९५६ च्या वीज नियमांत घरगुती पुरवठ्याला ६ टक्के कमी-जास्त एवढीच सूट होती, म्हणजे २४० धरले तर साधारण २२६ ते २५४. आमचं त्याच्या कितीतरी बाहेर आहे.

वायरमन म्हणतात, लोड जास्त झालाय, मोठी डीपी मागा. मला हे पटत नाही. न्यूट्रलचा जोड सैल राहिला तर डीपी शंभरची आणली तरी तेच होणार.

खरी धास्ती वेगळीच आहे. काही जणांनी बोअरजवळ सळई ठोकून तिचीच तार न्यूट्रल म्हणून जोडली आहे. त्या सळईभोवतीच्या ओल्या जमिनीत करंट उतरतो आणि तिथेच पोरं अनवाणी खेळतात. कितीही सांगितलं तरी लोक ऐकत नाहीत, कारण त्यांचा दिवा त्याने नीट लागतो.

डीपीच्या न्यूट्रल बुशिंगचा जोड (न्यूट्रल डीपीतून बाहेर येतो ती जागा), खांबावरचे जंप (तारा एकमेकींना जोडणारे तुकडे) आणि डीपीचं अर्थिंग, यांतलं आधी काय तपासायला सांगू? डीपीलगतच्या घरात रीडिंग बरोबर आणि पुढे बिघडलेलं असेल, तर दोष मधल्या खांबावर, हा माझा अंदाज बरोबर आहे का? लेखी तक्रारीत नेमकी कोणती रीडिंग घालू, म्हणजे पुन्हा ‘लोड’ म्हणून कागद परत येणार नाही?

खांबावर आमच्यापैकी कुणी चढणार नाही, तेव्हा तो सल्ला नको. डीपीलगतच्या घराचं आज संध्याकाळचं रीडिंग रात्री इथेच टाकतो.