‘कॅल्क्युलेटर कायम रिअल मोडवर ठेवा’ : हे कोणी ठरवलं?

कोनांक (धागाकर्ता)
दुसऱ्या धाग्यावर एक फतवा निघालाय: “ग्राफिंग कॅल्क्युलेटरवर संमिश्र संख्या करूच नयेत. मोड कायम रिअल ठेवा, काही चुकलं तर यंत्रच एरर देऊन सांगतं.” प्रतिसादात मावेना म्हणून इथे लिहितोय. (संमिश्र संख्या म्हणजे २+३आय सारखी: आय म्हणजे √(-१), २ हा वास्तव भाग, ३ काल्पनिक.)

रिअल मोड राखण करतो हा मुळात गैरसमज. टीआय-८४वर (टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा ग्राफिंग कॅल्क्युलेटर) √(-४) दिलं की नॉनरिअलची एरर येते, कबूल. पण त्याच मोडमध्ये सेकंड आणि दशांश बिंदू दाबून आय घ्या, (२+३आय)(१+आय) टाका. निमूटपणे -१+५आय देतो! अडवणूक होते ती फक्त वास्तव आकड्यांतून काल्पनिक उत्तर निघालं तर. उलट √(-३)×√(-१२) हाताने करताना √३६ म्हणजे ६ लिहून मोकळे होणारे कमी नाहीत. ए+बीआय मोडवर, म्हणजे संमिश्र उत्तरं देणाऱ्या मोडवर, बरोबर -६ मिळतं. मग सुरक्षित काय?

रोखठोक
फतवा माझाच. अर्धवट उद्धृत केल्याबद्दल आभार.

टीआय-८९ घ्या. रिअलवर (-८)^(१/३) चं उत्तर -२. मोड रेक्टँग्युलर (तिथला ए+बीआय) केला की तेच १+√३आय होतं, कारण आता ते मुख्य मूळ (तीन घनमुळांपैकी ठरलेलं एक) देतं. गणिताने दोन्ही बरोबर, पण घनमुळाचा आलेख काढायला बसलेल्याचा डावीकडचा अर्धा भाग गायब होतो आणि एरर काही येत नाही. मोड विसरून राहिला की असं होतं.

दुसरं, टीआय-८४वर आय^३ करा, नुसतं -आय यायला हवं. जुन्या ओएसवर -३ई-१३-आय असं काहीतरी दिसतं (-३ई-१३ म्हणजे -३×१०^-१३). आयचा घन करता न येणाऱ्या यंत्रावर विसंबायचं?

कोनांक
घन करता येतो हो. आय×आय×आय करा, शेपूट येत नाही. ^ ची कळ घात लॉग आणि ई (२.७१८…) मधून काढते, तिथे शेवटचे अंक घसरतात. प्रोग्रॅममध्ये अशा उत्तराची थेट बरोबरी तपासू नये. रिअल आणि इमॅज (वास्तव आणि काल्पनिक भाग) वेगळे काढून दोन्ही राउंड करावेत. हे माहीत नसणं हा मोडचा दोष नाही.

घनमुळाचा मुद्दा मान्य. त्यासाठी मोड बदलायचा असतो, पाच सेकंद लागतात.

अक्षबिंदू
आलेखाचं निघालंच आहे तर: क्ष²-४क्ष+१३ चा आलेख अक्षाला शिवत नाही, म्हणून झीरो कमांड (आलेखावरून मूळ शोधणारी) हात वर करते आणि ‘मुळंच नाहीत’ असं लिहिलं जातं. आलेख मात्र सगळं सांगत असतो. मिनिमम काढा: (२, ९). वास्तव भाग २. नवाला क्ष² च्या सहगुणकाने, इथे १ ने, भागा आणि वर्गमूळ घ्या: ३. मुळं २±३आय. मोडला हातही लावावा लागत नाही.

फेजर
तुमची मुळं आणि घनमुळं चालू द्या. खरा घोळ कोनाचा आहे, त्यावर कोणी बोलत नाही.

टीआय-८४ डिग्रीवर ठेवा आणि १+√३आय पोलरमध्ये (लांबी आणि कोनाच्या रूपात) बदला. दिसतं २ई^(६०आय). आता तेच जसंच्या तसं परत टाका. उत्तर -१.९०५-०.६१०आय! स्वतः छापलेलं स्वतःलाच वाचता येत नाही. कारण साइन-कोसाइन डिग्री मानतात, पण ई चा घात कायम रेडियनमध्येच धरला जातो. त्याने ६० रेडियन घेतले.

रोखठोक
बघा! हेच तर म्हणत होतो.

कोनांक
काही बघायला नको. रेडियन मोड ठेवा, अँगल मेनूतून डिग्रीचं चिन्ह घेऊन २ई^(६०°आय) लिहा, झालं. डिग्रीवरच अडून बसायचं असेल तर २(कॉस ६०+आय साइन ६०). टीआयची पुस्तिकाच संमिश्र कामासाठी रेडियन सुचवते. पण पुस्तिका वाचायची कोणी?

फेजर
पुस्तिकेत लिहिलं म्हणजे रचना शहाणी ठरते का? टीआय-८९ डिग्रीवर ई चं रूप घेतच नाही, सरळ डोमेन एरर देतं आणि (२∠६०), म्हणजे लांबी २ कोन ६०, असं लिहायला लावतं. कॅसिओ एफएक्स-सीजी५०वर शिफ्ट करून ∠ घ्या, कोन सेटअपप्रमाणेच धरला जातो. १००∠० भागिले (३०+४०आय) बरोबर २∠-५३.१३, विषय संपला. भाजकाचा कंस विसरू नका. ८४वर १/२आय लिहिलं तर तो आधी १/२ करतो आणि ०.५आय देतो, -०.५आय हवं असेल तर १/(२आय).

कोनांक
कंस विसरणाऱ्याला कुठलाही मोड वाचवणार नाही. आणि तुमच्यातले बरेच जण कोन काढायला अजून टॅन इन्व्हर्स वापरतात. -१-√३आय ला त्याने ६० येतो, खरा कोन -१२०. अँगल फंक्शन मॅथच्या मेनूतच आहे, कोन कुठल्या चरणात पडतो ते तेच बघतं.

फेजर
‘तुमच्यातले’ म्हणजे कोण? जपून. आता हे सांगा: तीन मेशचं (बंद वळशांचं) एसी सर्किट ८४वर कसं सोडवता? यादीत संमिश्र संख्या चालते, मॅट्रिक्समध्ये टाकली की डेटा टाइपची एरर. त्या ए+बीआय मोडचं करायचं काय?

अक्षबिंदू
दुप्पट करून. इंपीडन्सचे (एसीमधल्या संमिश्र रोधाचे) वास्तव भाग आर, काल्पनिक एक्स. वरच्या ओळीत आर आणि -एक्स, खालच्या ओळीत एक्स आणि आर, असे चार ठोकळे. तीन मेशला ६×६. उजवीकडे व्होल्टेजचे आधी तीनही वास्तव भाग, खाली तीनही काल्पनिक, म्हणजे ६×७. आरआरईएफ (समीकरणं सोडवणारी मॅट्रिक्स कमांड) करा. शेवटच्या स्तंभात वरचे तीन प्रवाहांचे वास्तव भाग, खालचे तीन काल्पनिक. वजाचं चिन्ह फक्त वरच्या उजव्या ठोकळ्यात. ते खाली गेलं तर एरर येणार नाही, सगळे कोन चुकतील.

रोखठोक
आणि हे सगळं रिअल मोडमध्ये होतं, हे कोनांकरावांनी कृपया नोंदवावं.

कोनांक
नोंदवलं. बेचाळीस आकडे भरून झाले की प्रवाहाचं परिमाण काढायला ॲब्स आणि कोनाला अँगल लागेल, तेव्हा आयची कळ कुठे आहे ते विचारायला या.