नाकावरचे ब्लॅकहेड्स आठवड्याला परत येतात, कायमचा उपाय हवा

आंबेमोहर
सगळं करून झालं. फेसवॉश, स्क्रब, रविवारी वाफ आणि वर नोज स्ट्रिप. पट्टीवर ढीगभर निघतात, पुढच्या आठवड्यात नाक परत तसंच. पुढच्या महिन्यात घरात लग्न आहे. क्रीमचं नाव सांगितलंत तरी पुरे. 'भरपूर पाणी प्या' नको.

अर्धा_कप
वय? फेसवॉशमध्ये काय आहे? ठिपके उठावदार आणि काळे, की सपाट आणि करडे? नाकावरच, की आणखी कुठे? दिवस गेलेत का किंवा तसा विचार आहे का? काही औषधं त्या काळात चालत नाहीत.

गुळपोळी
एवढी चौकशी कशाला! अंड्यातला पांढरा भाग लावा, वर टिश्यू पेपर, वाळला की खालून वर ओढा. मग लिंबू-साखरेने हलकं घासा. छिद्रं बंद होतात, ताई.

त्रिज्या
छिद्रांना दारं नसतात, ती उघडत-मिटत नाहीत. वाफेने वरचं तेल मऊ होतं, इतकंच. अंडं-टिश्यू म्हणजे घरगुती नोज स्ट्रिपच, वरचं टोक निघतं आणि मूळ आत राहतं. लिंबाच्या रसाचा पीएच (आम्लतेचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) २ च्या आसपास, त्वचेचा साधारण ५. रस लावून उन्हात गेलं तर भाजल्यासारखे डाग पडू शकतात.
शिवाय काळा रंग म्हणजे मळ नव्हे. मेलेल्या पेशी आणि तेल यांचं बूच छिद्रात बसतं, तोंड उघडं असल्याने हवा लागते, आणि त्यातलं मेलॅनिन (त्वचेचं रंगद्रव्य) व ऑक्सिडाइझ झालेलं तेल काळं दिसतं. घासून जाईल कसं?

गुळपोळी
आमच्या आज्या काय पीएच मोजत होत्या?

आंबेमोहर
ताई नाही, दादा. वय २९. दिवस जायचा प्रश्न नाही :)
नाकावरचे सपाट, करडे, एकसारख्या अंतरावर. दाबलं की बारीक शेवईसारखं निघतं. कपाळावर केसांच्या कडेने आहेत ते मात्र काळे आणि टणक. फेसवॉश सॅलिसिलिकचा.

अर्धा_कप
म्हणजे नाकावर ब्लॅकहेड्स नाहीतच. ते सेबेशियस फिलामेंट. समईतल्या वातीसारखे, ग्रंथीतलं तेल पृष्ठभागावर आणून सोडतात. प्रत्येकाला असतात, तेलकट नाकावर जास्त दिसतात. उपटले की साधारण महिन्याभरात पुन्हा भरतात, तेलकट त्वचेत आधीच. तुमची पट्टी दर रविवारी तेच उपटतेय. कायमचा उपाय नाही, फिकट करता येतात.
त्यासाठी २ टक्के सॅलिसिलिक ॲसिड, पण लावून ठेवायचं, धुवायचं नाही. ते तेलात विरघळतं म्हणून छिद्रात शिरतं. फेसवॉश अर्ध्या मिनिटात नळाखाली जातो, तेवढ्यात फार काही होत नाही. आठवड्यात तीन रात्री, फक्त नाक आणि कपाळ. स्क्रब आणि पट्टी बंद.

रातराणी_२
सॅलिसिलिकवर महिने घालवू नका. कपाळासाठी थेट ॲडापलीन ०.१ टक्के जेल, व्हिटॅमिन ए च्या जातीचं औषध. रात्री चेहरा धुऊन पूर्ण कोरडा होऊ द्या, वाटाण्याएवढं जेल, चार टिकल्या आणि पातळ पसरवा. दिसणाऱ्या दाण्यावर टेकवायचं नाही, पूर्ण भागावर लावायचं, कारण बूच दिसण्याआधी आत तयार होत असतं. नाकपुडीची खाच, ओठांचे कोपरे, पापण्या सोडा. फरक ८ ते १२ आठवड्यांत. सकाळी एसपीएफ ३० सनस्क्रीन.

अर्धा_कप
लग्न महिन्यावर आहे हे वाचलंत ना? पहिले तीन-चार आठवडे सोलवटणार, कधी पुळ्या वाढणार. फोटोत नेमकं तेच येईल. लग्न झाल्यावर सुरू करा.

रातराणी_२
एक दिवसाआड आणि खाली मॉइश्चरायझर, मग एवढं सोलत नाही. लग्नासाठी थांबा म्हटलं की मग गणपती येतात, मग दिवाळी.

बत्ती_गुल
डोळ्यांखालच्या बारीक पांढऱ्या दाण्यांना मिलिया म्हणतात. त्यांना तोंड नसतं, दाबून निघत नाहीत. डॉक्टर निर्जंतुक सुईने टोचून काढतात.

आंबेमोहर
डोळ्यांचं मी विचारलंच नव्हतं. कपाळाचं काय ते सांगा.

त्रिज्या
केसांना काय लावता?

आंबेमोहर
रात्री खोबरेल. ऑफिसला जाताना वॅक्स. त्याचा काय संबंध?

त्रिज्या
पूर्ण संबंध. तेल-वॅक्स कपाळावर उतरतं आणि छिद्रं बुजतात, म्हणून दाणे नेमके केसांच्या कडेला. तेल न्हाण्याआधी तासभर लावा, कपाळापासून दोन बोटं मागे. उशीचा अभ्रा आठवड्यातून दोनदा बदला. चेहऱ्यावर आणखी काही लावता?

आंबेमोहर
विशेष नाही. मेडिकलवाल्याने दिलेली एक उजळपणाची क्रीम, चारेक महिने, रात्री.

अर्धा_कप
विशेष नाही?! ट्यूबवर घटक काय लिहिलेत, इथे टाका.

आंबेमोहर
हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन, मोमेटासोन.

रातराणी_२
माझा ॲडापलीनचा सल्ला मागे. ट्रेटिनॉइन त्यात आहेच, त्याच जातीचं दुसरं वर नको. आणि मोमेटासोन हे स्टेरॉइड. चेहऱ्यावर महिनोन्‌महिने लावलं तर त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसतात, पुळ्या येतात. अशी ट्यूब चिठ्ठीशिवाय द्यायची नसते.

त्रिज्या
सहमत. पण आज रात्रीच फेकून देऊ नका. चार महिन्यांनंतर एकदम थांबवलं तर चेहरा लाल होऊन आग होऊ शकते. कमी कसं करायचं ते त्वचारोगतज्ज्ञ ठरवतील. ट्यूब सोबत न्या. तोवर सॅलिसिलिकही थांबवा. साधा सौम्य फेसवॉश, मॉइश्चरायझर, सकाळी सनस्क्रीन.

गुळपोळी
म्हणून म्हणत होते, केमिकलपेक्षा लिंबू बरं.

त्रिज्या
पातळ झालेल्या त्वचेवर लिंबू? नको हो.

आंबेमोहर
बरं, शुक्रवारची अपॉइंटमेंट मिळाली. पण मग या रविवारी स्ट्रिप लावू की नको?