जुन्या ई-क्लासमध्ये हँड्स-फ्री फोनची सोय : मूळ यंत्रणा न काढता काय करता येईल?

संत्राबागायतदार, वरूड

नमस्कार मंडळी. आमच्या घरी २००५ सालची मर्सिडीज ई-क्लास, म्हणजे डब्ल्यू २११ मालिकेतील गाडी आहे. गाडी वडील स्वतः चालवतात. आंबिया बहाराचा माल तोडणीला आला की व्यापारी, मजुरांचे मुकादम आणि ट्रकवाले यांचे फोन दिवसभर सुरू असतात आणि वडील एका हाताने फोन कानाला लावून दुसऱ्या हाताने स्टेअरिंग धरतात. वरूड-मोर्शी रस्त्यावर संत्र्याचे ट्रक, ट्रॅक्टर आणि गुरे एकाच वेळी समोर येत असताना हे मला अजिबात सहन होत नाही.

गाडीतील मूळ टेप चांगला चालतो, आवाज उत्तम आहे. स्टेअरिंगवर फोन उचलण्याची आणि ठेवण्याची बटणे आहेत, पण ती दाबून काहीच होत नाही. आर्मरेस्ट उघडली की आत फोन ठेवण्यासारखी एक रिकामी जागा आणि तिच्या तळाशी धातूच्या बारीक टोकांची पट्टी दिसते. तालुक्याच्या गावी कार डेकोरच्या दुकानात विचारले तेव्हा त्यांनी मूळ टेप काढून अँड्रॉइडचा मोठा स्क्रीन बसवण्याचा सल्ला दिला. वडिलांना ते मान्य नाही आणि मलाही गाडीचा डॅशबोर्ड कापलेला नको आहे.

माझे दोन प्रश्न आहेत. मूळ टेप आणि ती बटणे कायम ठेवून आजचा साधा स्मार्टफोन या गाडीला जोडता येतो का? आणि आमच्या बागेच्या परिसरात नेटवर्क फार कमजोर असते, तर गाडीच्या बाहेरच्या अँटेनाचा फोनला काही उपयोग करून घेता येईल का?

ऑटो इलेक्ट्रिशियन, कारंजा लाड

भाऊ, आपण टेप काढू दिला नाही हे फार चांगले केले. आपल्या गाडीत टेप, सीडी चेंजर, फोनचे मॉड्यूल आणि असल्यास वेगळा अँप्लिफायर हे सगळे तांब्याच्या तारेने नव्हे, तर प्लास्टिकच्या प्रकाशतंतूने एकमेकांना जोडलेले असतात. या व्यवस्थेला मोस्ट असे नाव आहे. त्यातून लाल प्रकाशाच्या रूपाने माहिती एका उपकरणातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात अशी वर्तुळाने फिरून पुन्हा टेपपाशी येते. वर्तुळातले एक उपकरण जरी काढून टाकले आणि त्याची जागा जोडून दिली नाही, तर आवाज पूर्ण बंद पडतो. बाहेरचा स्क्रीन बसवायचा तर या प्रकाशतंतूवरच्या अँप्लिफायरसाठी स्वतंत्र डीकोडर, म्हणजे प्रकाशाची भाषा समजणारी डबी, लागतो आणि तो न बसवल्यास स्पीकर गप्प राहतात. शिवाय मीटरमधील ऑडिओ आणि टेलिफोनची पाने निकामी होतात. दुकानदार हे आधी सांगत नाहीत असा माझा अनुभव आहे.

आता आपल्या मुख्य प्रश्नाकडे येतो. स्टेअरिंगवर फोनची बटणे असणे हा फोनची यंत्रणा असल्याचा पुरावा नाही, कारण ती बटणे यंत्रणा नसलेल्या गाड्यांतही येतात. आर्मरेस्टमधील ती टोकांची पट्टी मात्र खरा पुरावा आहे. कंपनीने फोनची पूर्वतयारी करून दिलेल्या गाडीतच ती असते आणि तिच्यावर त्या काळातील फोनप्रमाणे वेगवेगळे क्रेडल, म्हणजे फोन आणि गाडी यांना जोडणारे साचे, बसवले जात. त्यामुळे आपले निम्मे काम कारखान्यातच झालेले आहे. छतावरच्या दिव्यांच्या पॅनेलमध्ये मायक्रोफोनही बसवलेला असण्याची शक्यता मोठी आहे. सर्व्हिस बुकमध्ये चिकटवलेल्या डेटा कार्डावर गाडीच्या सोयींचे कोड छापलेले असतात, ते अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या पार्ट्स काउंटरवर दाखवले तर खात्री होईल.

या पट्टीवर बसणारी ब्लूटूथ क्रेडल दोन जातींची असतात आणि इथेच बहुतेक लोक पैसे वाया घालवतात. पहिल्या जातीचे क्रेडल सिम ॲक्सेस प्रोफाइलवर चालते (प्रोफाइल म्हणजे ब्लूटूथने एखादे काम करण्याची ठरावीक पद्धत). त्यात फोन आपल्या सिमचा ताबा गाडीला देतो, स्वतःचा रेडिओ शांत ठेवतो आणि गाडी आपल्या मॉड्यूलने व बाहेरच्या अँटेनाने बोलते. कमजोर नेटवर्कच्या भागात ही कल्पना अतिशय उत्तम होती, पण तिला फोनची साथ लागते. नोकियाच्या अनेक फोनांत ही सोय होती. आयफोनने ती कधीच दिली नाही आणि आजच्या बहुतेक अँड्रॉइड फोनांतही ती नाही. त्यातच त्या काळातील मॉड्यूल जीएसएमचे, म्हणजे टूजीचे आहे. जिओकडे टूजी नेटवर्कच नाही, तेव्हा वडिलांचे सिम जिओचे असेल तर तो मार्ग तिथेच संपतो.

दुसऱ्या जातीचे क्रेडल हँड्स-फ्री प्रोफाइलवर, म्हणजे एचएफपीवर चालते आणि आपल्याला तेच हवे. हे प्रोफाइल आजही प्रत्येक स्मार्टफोनमध्ये असते. फोन खिशातच राहतो, आवाज गाडीच्या स्पीकरमधून येतो, चालू असलेले गाणे आपोआप थांबते, मीटरमध्ये फोनचे पान उघडते आणि आपली ती बटणे जिवंत होतात. मर्सिडीजनेही असे क्रेडल विकले आणि इतर कंपन्यांचेही मिळते. जुने घेताना विक्रेत्याला एवढेच विचारा की त्यावर एचएफपी आहे की सिम ॲक्सेस, आणि उत्तर स्पष्ट आले नाही तर घेऊ नका. यातून गाणी ऐकू येतील अशी अपेक्षा मात्र ठेवू नका, कारण गाण्यांसाठी एटूडीपी नावाचे वेगळे प्रोफाइल लागते आणि ते अशा क्रेडलमध्ये साधारणपणे नसते.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर दुर्दैवाने नकारार्थी आहे. एचएफपीमध्ये टॉवरशी बोलण्याचे काम फोनचाच अँटेना करतो, गाडीचा नाही. बाजारात नेटवर्क वाढवणारे बूस्टर दाखवले जातात, पण परवानगीशिवाय ते बसवणे आपल्या देशात बेकायदेशीर आहे आणि त्याने आसपासच्या टॉवरला अडथळा होतो. बागेत फोर-जीवरून बोलताना आवाज तुटत असेल, तर तिथे कोणत्या कंपनीचा टॉवर जवळ आहे ते पाहून वडिलांच्या फोनमध्ये त्या कंपनीचे दुसरे सिम घालणे हाच सरळ उपाय आहे.

ई-क्लासधारक, दारव्हा

माझ्याकडेही याच मालिकेतील गाडी आहे, पण तिच्या आर्मरेस्टमध्ये पट्टी नाही, म्हणून मला वेगळा मार्ग घ्यावा लागला. ज्यांची गाडी माझ्यासारखी आहे त्यांच्यासाठी लिहितो.

सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये बसणारा, फोनचा आवाज गाडीच्या रेडिओवर पाठवणारा एफएम ट्रान्समीटर सर्वांत स्वस्त पडतो. एफएमचा पट्टा ८७.५ ते १०८ मेगाहर्ट्झचा आहे आणि आपल्या ग्रामीण भागात त्यातला बराचसा मोकळा असतो, त्यामुळे दारव्ह्यापासून दिग्रसपर्यंत आवाज स्वच्छ राहतो. नागपूर जवळ आले की स्टेशनांची गर्दी वाढते, खरखर सुरू होते आणि फ्रिक्वेन्सी बदलावी लागते. चालत्या गाडीत ती बदलत बसणे हेही फोन हातात घेण्याइतकेच वाईट, हे लक्षात असू द्यावे.

त्यापेक्षा टेपला ऑक्स इनपुट, म्हणजे बाहेरून आवाजाची तार लावण्याची सोय, असेल तर मायक्रोफोन असलेला ब्लूटूथ रिसीव्हर चांगला. एक अडचण मात्र हमखास येते. रिसीव्हरला वीज त्याच गाडीच्या सॉकेटमधून आणि आवाजाची तार टेपला, अशी जोडणी झाली की इंजिनच्या वेगाबरोबर चढणारी एक शिट्टी स्पीकरमधून ऐकू येऊ लागते. आवाजाच्या तारेत ग्राउंड लूप आयसोलेटर ही छोटी डबी लावली की ती जाते.

आणखी एक विनंती. सन व्हायझरला अडकवायचे बॅटरीवरचे स्पीकरफोन विदर्भात घेऊच नयेत. मे महिन्यात बाहेरच पारा ४५ अंशांच्या वर जातो. उन्हात बंद उभ्या गाडीच्या काचेजवळ तर त्याहून कितीतरी जास्त तापते आणि लिथियमची बॅटरी त्या उष्णतेत फुगते. आतमध्ये बॅटरी नसलेले, गाडीच्या विजेवर चालणारे उपकरणच घ्यावे. फोनही डॅशबोर्डवर ठेवून जाऊ नये.

डॉक्टर, वणी

तांत्रिक चर्चा उत्तम चालली आहे, तीत दोन गोष्टींची भर घालते.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीने गाडी चालवताना हातात फोन धरून वापरणे हे धोकादायक वाहन चालवणे म्हणून स्पष्टपणे घातले गेले. पहिल्या गुन्ह्याला किमान १,००० ते कमाल ५,००० रुपये दंड, किंवा सहा महिने ते एक वर्षापर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी त्यात तरतूद आहे. रस्ता शोधण्यापुरता फोन वापरण्याची मुभा २०२० च्या नियमांत मिळाली, तीही चालकाचे लक्ष विचलित होणार नाही या अटीवर. तेव्हा वडिलांना हँड्स-फ्री घेऊन देणे सर्वार्थाने योग्यच आहे.

परंतु हात मोकळे झाले म्हणजे लक्षही मोकळे झाले असे होत नाही. भावाची घासाघीस करणारा माणूस समोर पाहत असतो, पण समोरचे त्याच्या मनात उतरत नाही, आणि ब्रेकवर पाय जायला उशीर होतो. अपघातानंतर आमच्याकडे येणारे रुग्ण पाहते म्हणून हे कळकळीने लिहीत आहे. फोन उचलून "गाडी चालवतो आहे, पोहोचल्यावर बोलतो" एवढेच सांगावे आणि व्यवहाराचे बोलणे गाडी बाजूला उभी करूनच करावे, असा नियम घरातल्या मुलांनी वडिलांकडून मागून घ्यावा.

संत्राबागायतदार, वरूड

सर्वांचे मनापासून आभार. डॉक्टर ताईंचा प्रतिसाद मी वडिलांना वाचून दाखवला. त्यांनी व्यापाऱ्यांशी गाडी थांबवूनच बोलण्याचे कबूल केले आहे.

डेटा कार्ड सर्व्हिस सेंटरला दाखवले. फोनची पूर्वतयारी कारखान्यातूनच असल्याचे त्यांनी सांगितले, त्यामुळे एचएफपी क्रेडलच घेणार आहे. इलेक्ट्रिशियन दादांना एकच विचारायचे आहे. हंगाम नसताना आमची गाडी कित्येक दिवस जागची हलत नाही. क्रेडलमुळे बॅटरी उतरेल का? आणि उन्हाळ्यात एसीचा ब्लोअर पूर्ण वेगाने चालू असताना समोरच्याला वडिलांचे बोलणे नीट ऐकू जाईल का?

ऑटो इलेक्ट्रिशियन, कारंजा लाड

बॅटरीची चिंता रास्त आहे. आपल्या गाडीत सेन्सोट्रॉनिक ब्रेक आहेत, म्हणजे ब्रेकचा दाब विजेच्या पंपाने तयार होतो. म्हणून या मॉडेलमध्ये अशक्त बॅटरी म्हणजे नुसता सेल्फ न लागण्याचा प्रश्न राहत नाही, ब्रेकच्या सूचनाही मीटरवर येऊ लागतात. कारखान्याच्या पट्टीवर बसणारे क्रेडल गाडीबरोबर झोपी जायला हवे, पण काही क्रेडल संपूर्ण यंत्रणेला जागे ठेवतात. बसवल्यावर गाडी कुलूप लावून अर्धा तास तशीच राहू द्या आणि मग कुणा जाणकाराकडून मल्टिमीटरने बॅटरीतून जाणारा प्रवाह मोजून घ्या. तो ५० मिलीअँपिअरच्या खाली असला तर ठीक, त्याहून बराच जास्त असला तर क्रेडल काढून पुन्हा मोजा. दोन आकड्यांतला फरक क्रेडलचा समजावा. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर क्रेडल खटक्याने काढून घरात ठेवता येते, त्यासाठी कोणतीही तार सोडवावी लागत नाही.

ब्लोअरचा त्रास होतो, हे खरे आहे. छतावरच्या मायक्रोफोनवर हवा थेट आदळत नाही, पण मधल्या जाळ्यांचा झोत वर वळवलेला असेल तर काचेवरून परतणारी हवा त्याच्यापर्यंत पोहोचते आणि समोरच्याला वाऱ्याचा आवाज येतो. मधली जाळी खाली, छातीच्या दिशेने वळवावी आणि फोन आल्यावर ब्लोअर थोडा कमी करावा. समृद्धी महामार्गाच्या काँक्रीटवर टायरचा घोंगावणारा आवाजही मायक्रोफोन उचलतो, तिथे वेग कमी केला तरच फरक पडतो. जुन्या क्रेडलमधून बोलण्याचा आवाज जेमतेम चार किलोहर्ट्झपर्यंतच्या अरुंद पट्ट्यातूनच जातो, त्यामुळे नव्या गाडीइतकी स्पष्टता मिळणार नाही, पण समजण्यात अडचण येत नाही.

फोन जोडताना गाडी उभी ठेवून, वडिलांच्या फोनमधील जुन्या ब्लूटूथ जोडण्या पुसून मगच नवी जोडणी करा. घरातला दुसरा कुणाचा फोन त्याच क्रेडलला जोडलेला असेल तर गाडी सुरू होताच तो आधी जोडला जाऊ शकतो आणि वडिलांचा फोन बाहेर राहतो. क्रेडल हाती आले की त्याच्या मागच्या लेबलचा फोटो इथे टाका, बसवण्यापूर्वी पाहून सांगतो.